अर्धी होडी काकांची

वडील पौषात गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती, कारण तिच्या एका फळीची त्यांना शंका होती. फळीला पुढे काहीच झालं नाही.

आमची होडी शिडाची आहे. दोघांनी चालवावी आणि आणखी दोघांनी बसावं, एवढी. गिरगावात फणसवाडीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची होडी असते हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग ती ठेवता कुठे असं विचारतो. वरळी कोळीवाड्यात, वडिलांच्या मित्राच्या घरापुढे. वडील माझगावच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते. हा मित्र तिथे काही वर्षं काढून कंटाळला आणि घरच्या बोटींवर परतला. सगळा कोळीवाडा त्यांना नाखवा म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या बोटी इंजिनाच्या, मोठ्या. तिथली तरुण मुलं आमच्या होडीशी फार सौजन्याने वागतात. तसं सौजन्य हल्ली चेकने पैसे भरणाऱ्या म्हाताऱ्यांना बँकेत मिळतं.

होडी आजोबांनी देवगडकडून आणली. ते परळच्या गिरणीत होते. होडी कशाला आणली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्यामागे सगळं दोन मुलांत अर्धं अर्धं झालं. खोलीचं रीतसर मिटलं, भांड्यांचं थोड्या भांडणाने मिटलं, होडीचं मिटवायला हवं असं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे अर्धी होडी काकांची आहे. कोणती अर्धी, हे ठरलेलं नाही. काका तिच्यात एकदाच बसले होते. त्या दिवशी त्यांनी जी अर्धी वापरली, ती वडिलांनी नंतर धुऊन काढली.

दरवर्षी पावसाचे दोन महिने होडी वर असे आणि आषाढात तिची तयारी सुरू होई. तयारीचा पहिला भाग चाळीत व्हायचा. माळ्यावरून शीड उतरवून वडील ते गॅलरीत कठड्यावरून सोडायचे आणि आई दाभण घेऊन ठिगळं लावायला बसायची. शेजारपाजारचे लोक आठवडाभर शिडाखालून वाकून ये-जा करत. नळावर जाणाऱ्या बायका ‘आज वारा कुठला?’ असं विचारून आईला चिडवत. आई म्हणे, ‘तुमच्या घरातून येतोय, खोबरेल तेलाचा.’ दुसरा भाग कोळीवाड्यात. फळ्यांमधल्या फटींत कापसाचा पीळ ठोकून भरायचा, त्यावर राळ आणि तेलाचा मऊ लेप. मग नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला पाणी पाजायचं.

हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. कोरड्या जमिनीवर राहिलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आक्रसतात आणि फटी मोठ्या होतात. तशी होडी पाण्यात सोडली की गळणारच. म्हणून वडील तिला उथळ पाण्यात खुंटाला बांधून, आत चार दगड ठेवून, खुशाल भरू द्यायचे. दोन भरत्या ती पाण्याखाली बसायची. लाकूड फुगायचं, पीळ दाबला जायचा, फटी मिटायच्या. मग पाणी उपसलं की होडी तरंगायची, ती वर्षभर. आमच्याकडे हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि आईला लग्नापासून. त्या रात्री वडील जेवताना एक पोळी कमी खायचे. होडी बाहेर पाणी पीत असताना आपण पोटभर कसं जेवायचं, असा काही त्यांचा हिशोब असावा. विचारलं तर म्हणायचे, ‘भूक नाही.’

यंदा होडी पौषापासून उन्हात होती. पाऊस लागल्यावर नाखवांनी तिच्यावर ताडपत्री टाकली, पण उन्हाळा तिने पुरता सोसला होता. मी ग्रंथालयातून सुटल्यावर एकदा बघून आले. फटींत पेन्सिल जाईल अशी परिस्थिती होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘एक हंगाम अशी राहिली तर सरपण होईल. यंदा पाण्यात गेलीच पाहिजे.’ मग थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, ‘ते गेले म्हणून सगळंच जायला हवं असं नाही.’ वडिलांबद्दल ती त्या महिन्यात तेवढंच बोलली.

पुढच्या रविवारी काका आले. वडिलांहून धाकटे, बँकेतून निवृत्त, आणि आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाचे सल्लागार. मंडळात अध्यक्ष बदलतात, सल्लागार बदलत नाहीत. दुखवट्याच्या वर्षात काय चालतं आणि काय नाही याचे ते घरातले जाणकार. त्यांच्यामुळे आम्हाला कळलं होतं की पुरणपोळी चालत नाही पण शिरा चालतो, आणि गुढी चालत नाही पण श्रीखंड, सहज म्हणून आणलं तर, चालतं.

‘वहिनी,’ काका म्हणाले, ‘होडीला न्याय द्यायची वेळ आलीय.’

‘तिच्यावर अन्याय कुणी केला?’ आई तांदूळ निवडत होती.

‘तसं नाही. यंदाचा देखावा आहे कोकणचा दर्यावर्दी वारसा. खरी होडी, खरं शीड, मधोमध बाप्पा. धुराचं मशीन लावून लाटा. दादाचं नाव होईल.’

‘आणि विसर्जनानंतर होडी कुठे?’

काकांनी इतका पुढचा विचार केला नव्हता. सल्लागाराने तो करायचा नसतो. ‘बघू. एखाद्या चौकात उभी करू. खाली चौथरा, बाजूला दिवे. लोक फोटो काढतील.’

‘पाण्यात कधी जाईल?’

‘अहो वहिनी, यंदा दुखवटा. नारळ वाहणं वगैरे आपल्याला चालणार नाही.’

‘मग देखावा कसा चालतो?’

‘तो सार्वजनिक असतो.’

आईने तांदळातला एक खडा काढून गॅलरीबाहेर टाकला. ‘आधी पौर्णिमेला पाण्यात जाईल,’ ती म्हणाली. ‘मग तुमची अर्धी घेऊन जा.’

‘अर्धी कशी नेणार?’

‘ते मंडळात विचारा.’

काकांनी मंडळात विचारलं आणि उत्तर अनपेक्षितपणे आमच्या बाजूने आलं. होडी समुद्रात उतरतानाचा व्हिडिओ काढता येईल, ड्रोनने, आणि तो देखाव्याच्या आधी सगळीकडे फिरवता येईल. आईची अट मंजूर झाली. होडीच्या तयारीचा ताबा मात्र मंडळाने घेतला.

तयारीसाठी मंडळाचा नेहमीचा रंगारी आला. गेल्या वर्षी त्याने राजस्थानी महाल केला होता, त्याआधी हिमालय. होडी त्याला अवघड नव्हती. वडील ती खालून काळी आणि वरून हिरवी ठेवत. रंगाऱ्याच्या मते काळा अशुभ आणि हिरव्याचा प्रश्न निर्माण होऊ शकला असता. शेवटी खालून निळा आणि वरून सोनेरी ठरला. मग त्याची नजर फटींवर गेली.

‘ह्या फोटोत वाईट दिसतील,’ तो म्हणाला आणि त्याने लांबी भरायला काढली. भिंतीला भरतात ती, वाळल्यावर दगड होणारी.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की त्या फटी लाकडाला फुगायला ठेवलेल्या असतात. तिथे कडक काही भरलं तर फळ्या एकमेकींना रेटतील आणि एखादी तडकेल.

‘तू वाचतेस फार,’ काका मायेने म्हणाले.

नाखवांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणतो. त्या ओट्यावर बसून सुकटीच्या टोपल्या भरत हे सगळं बघत होत्या. सोनेरी रंगाचा पहिला हात पूर्ण झाल्यावर त्या उठून जवळ आल्या आणि होडीभोवती एक फेरी मारली.

‘काय गो, होरीचा लगीन हाय?’

‘मंडळात चाललीय, मावशी.’

‘मंग पावडर बराबर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘खाली उतरली की धुवून जाल.’

शिडाचा विषय त्यानंतर निघाला. आमचं शीड ठिगळांचं. त्यात वडिलांच्या जुन्या पँटचं एक आहे आणि चाळीतल्या सत्यनारायणाच्या मांडवाचं एक. मंडळाला ते जुनाट वाटलं. वारसा दाखवायचा होता, पण नवा. शिवाय शिडावर इतकी मोठी जागा रिकामी जाते हे कुणाच्या तरी लक्षात आलं. शीड फ्लेक्सचं करायचं ठरलं. छापून आल्यावर काका ते आम्हाला दाखवायला घेऊन आले आणि गॅलरीत उलगडलं. आईने शिवायला घेतलेलं जुनं शीड आधीपासून तिथे होतं, म्हणून हे त्याच्यावर पसरलं.

डाव्या कोपऱ्यात वडील, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधोमध मंडळाचं नाव. उजवीकडे फरसाणवाले पुरस्कर्ते, वडिलांच्या दुप्पट, खाली ‘हार्दिक शुभेच्छा’. पुरस्कर्त्यांचे हात जोडलेले होते. वडिलांचेही होते. हे जरा चमत्कारिक होतं, कारण फोटो गोदीच्या ओळखपत्रावरचा होता आणि त्यात गळ्याखाली काही नव्हतं.

आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

‘हात कुणाचे आहेत?’

‘म्हणजे?’ काका म्हणाले.

‘ह्यांच्या हातात अंगठ्या नव्हत्या कधी.’

काका वाकले. वडिलांच्या जोडलेल्या बोटांत खरोखरच अंगठ्या होत्या, एकीत पुष्कराजासारखं काहीतरी. ‘छापणाऱ्याकडे तयार असतात हात,’ काका हळू आवाजात म्हणाले. ‘त्याने लावले असतील. लांबून नाही कळत.’

‘लांबून नाही कळत,’ आई म्हणाली आणि फ्लेक्सची कड उचलून खालच्या शिडात अडकलेलं आपलं दाभण काढून घेतलं. काका गेल्यावर तिने पुन्हा तेच शिवायला घेतलं. आता कशाला शिवतेस, असं मी विचारलं नाही.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात बोटींना झेंडे लावलेले, बँड, नऊवारीतल्या बायका, सोन्याच्या वर्खाचा नारळ. त्या गर्दीत आमची सोनेरी होडी शोभून दिसत होती, तक्रार करायला जागा नव्हती. मंडळाची माणसं एकसारखे सदरे घालून आली होती. दुखवट्यामुळे घरच्यांनी पूजा करायची नव्हती, म्हणून ती अध्यक्षांनी केली. आई मागे, मावशींच्या ओट्याच्या पायरीवर बसली. पाणी पाजायचं राहिलंय हे मी आदल्या दिवशी काकांना फोनवर सांगितलं होतं. ‘नव्या रंगावर?’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

भरती लागली. ड्रोन वर गेला. सदरेवाल्यांनी होडी ढकलली आणि ती पाण्यात उतरली. फ्लेक्सच्या शिडात वारा शिरल्यावर पत्रा वाजावा तसा आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र फक्त फळ्यांकडे बघत होते.

आरती संपायच्या आत होडीत घोट्यापर्यंत पाणी आलं. मग लांबीचे तुकडे सुटायला लागले. पांढऱ्या, लांबट पट्ट्या एकेक करून पाण्यावर आल्या, शेवया तरंगाव्यात तशा. होडी सावकाश, कुठलीही घाई न करता खाली बसत गेली. अध्यक्ष कापराचं ताट हातात घेऊन उभे होते.

‘बुडाली!’ काका ओरडले. ‘अरे बुडतेय! ओढा!’

‘ओढू कुठून, साहेब? रंग लागतोय हाताला,’ कुणीतरी म्हणालं.

भरलेली होडी ओढणं चार सदरेवाल्यांचं काम नव्हतं. नाखवांनी तिचा दोर खुंटाला आवळून बांधला आणि हात झटकत वर आले. पाण्यावर आता फक्त सोनेरी काठ, डोलकाठी आणि डोलकाठीवर वडील आणि फरसाणवाले, हात जोडून.

‘आवं, बुडली कुठं?’ मावशी मोठ्याने म्हणाल्या. ‘ती तर पानी...’

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मावशींनी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावला होता. मावशी पुढचं वाक्य गिळून गप्प बसल्या. लांबून कुणालाही वाटलं असतं की ही बाई रडते आहे. मी शेजारीच होते, तरी मला नक्की सांगता येणार नाही.

काका आमच्यापाशी आले. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा पडलेला. ‘वहिनी, माफ करा. जुनं लाकूड. दादाने इतकी वर्षं कशी चालवली कोण जाणे.’

‘राहू दे तिथेच,’ आई म्हणाली. ‘काढत बसू नका.’

मंडळाची बैठक त्याच संध्याकाळी झाली. पाण्यात बुडालेली होडी देखाव्याला अशुभ, शिवाय ती भाविकांच्या अंगावर पडली तर जबाबदारी कुणाची, असे दोन मुद्दे निघाले आणि पुठ्ठ्याची होडी करायचं ठरलं. रंगाऱ्याने ती झटपट केली. सगळ्यांचं मत पडलं की ही जास्त खरी दिसते. फ्लेक्सचं शीड धुऊन तिलाच लावलं.

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. लोक भेटायला आले. पौषात आले होते तेच, जवळपास त्याच क्रमाने, आणि कुणी कुणी केळीही आणली. ‘आधी ते, आता होडी,’ समोरच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या आणि डोळे पुसले. एकांनी विचारलं, ‘विमा होता का?’ आई प्रत्येकाला चहा देत होती. खरं सांगावं असं मला दोनदा वाटलं, पण प्रत्येक वेळी आईने मला साखर आणायला आत पाठवलं.

कारण खरं काय ते आम्हालाही माहीत नव्हतं. होडी पाणी पीत होती हे खरं, पण ती लांबी सगळीच बाहेर आली की कुठे आत अडून फळी फोडतेय, हे वर येईपर्यंत कळणार नव्हतं. आणि वडिलांची ती शंका असलेली फळी होतीच. रोज संध्याकाळी नाखवांना फोन करायचा. ते मुळात कमी बोलणारे.

‘अजून पितेय,’ ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

आई त्या दिवसांत रात्री एकच पोळी खात होती. भूक नाही, म्हणाली.

दोन भरत्या कधीच होऊन गेल्या. मग एका सकाळी त्यांनीच फोन केला. ‘उपसली. या.’

होडी तरंगत होती. सोनेरी रंगाचे पापुद्रे सोलून निघाले होते आणि खालून जुना हिरवा दिसत होता. मी आत उतरून फटींवरून बोट फिरवलं. रंगाऱ्याने लांबी अगदी वरवर लावली होती, फोटोपुरती. पाणी शिरताच ती पहिल्याच दाबाला सुटली आणि तिच्याखाली वडिलांचा गेल्या वर्षीचा कापूस तसाच, आपल्या जागी होता. रंगाऱ्याने चांगलं काम केलं असतं तर होडी गेली असती. कामचुकारपणाबद्दल मी कुणाची इतकी ऋणी यापूर्वी कधी नव्हते. शंका असलेली फळीही शाबूत होती. ती ओली आणि काळी होऊन इतर फळ्यांसारखी दिसत होती, कोणती ते आता शोधावं लागत होतं.

वारा बेताचा होता. आम्ही आमचं शीड चढवलं. नाखवा सुकाणूवर, मी शिडाच्या दोराशी, आई मधल्या फळीवर, साडी खोचून, मांडीवर पिशवी. वाऱ्याने शीड भरलं तेव्हा ते फ्लेक्ससारखं वाजलं नाही, फक्त एकदा श्वास घेतल्यासारखं झालं आणि होडी निघाली. मागे सागरी सेतूवरून गाड्या जात होत्या.

‘पँटचं ठिगळ उसवलंय का बघ गो,’ आई म्हणाली.

‘नाही.’

जरा पुढे गेल्यावर तिने पिशवीतून नारळ काढला. मी बघत राहिले.

‘चटणीला आणला होता,’ ती म्हणाली आणि हात पुढे करून तो पाण्यात सोडला. नमस्कार वगैरे काही केला नाही. मग तळाला अजून झिरपत होतं तेवढं पाणी ती अर्ध्या कापलेल्या तेलाच्या डब्याने उपसत राहिली, किनाऱ्याला लागेपर्यंत.

गणपतीत आम्ही मंडळाच्या दर्शनाला गेलो. रांग मोठी होती. धुरात पुठ्ठ्याची होडी डुलत होती, आत बाप्पा, वर शीड. आमच्या पुढच्या बाईने स्वयंसेवकाला विचारलं, ‘ही खरी आहे का हो?’

‘खरी बुडाली, ताई. चला, पुढे चला.’

आईने बाप्पाला हात जोडले आणि आम्ही बाजूने बाहेर निघालो. तिथे मांडवाच्या मागच्या अंगाला काका एका स्टुलावर चढलेले दिसले. एका दिव्याची मान वाकवत होते. पुरस्कर्त्यांवर पडणारा झोत ते हळूहळू डावीकडे, वडिलांच्या चेहऱ्यावर आणत होते. हात अंधारात राहतील अशा बेताने. झोत जागेवर आल्यावर ते तसेच उभे राहिले, खाली उतरायचं विसरून. कुणी बघत नाही असं त्यांना वाटत असावं.

आई थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता लपवाछपवी संपली.

‘भाऊजी,’ तिने हाक मारली.

काका दचकले, घाईने उतरले, चष्मा पुसला. ‘वहिनी! दर्शन झालं? प्रसाद घेतला?’

‘घेतला. उद्या सकाळी वरळीला या. नाखवांकडे.’

‘वरळीला? कशाला?’

‘भरती आहे. आणि येताना उलटीची गोळी घेऊन या.’

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मग पुठ्ठ्याच्या होडीकडे.

‘तुमच्या अर्ध्यात बसा,’ आई म्हणाली. ‘पुढच्या.’